आठवा तुकडा

अण्णांना लॅबमध्ये आणलं हीच चूक झाली, असं त्या दुपारी तीन वाजता माझं ठाम मत झालं होतं. कॉपीशॉप सहाला बंद होणार. पहाटेच्या गाडीने एर्लांगेनला कॉन्फरन्स, पोस्टर अजून छापायचं, आणि त्या पोस्टरवर माझं पुढच्या वर्षाचं काँट्रॅक्ट अवलंबून. माझे पाय एका जागी ठरत नव्हते. अण्णा मात्र निवांत टेबलावरच्या वाडग्याभोवती प्रदक्षिणा घालत होते.

वाडगा इराणमधल्या निशापूरचा, हजारेक वर्षांपूर्वीचा. पांढऱ्या लेपावर, काठाच्या आतून गोल फिरणारी काळी अरबी अक्षरं, उभी आणि ताठ. ज्याच्या घरी हा वाडगा असेल त्याला बरकत लाभो, अशा अर्थाची. फुटलेले नऊ तुकडे कुणीतरी शंभर वर्षांपूर्वी चिकटवलेले. जर्मनीतल्या येना शहरातल्या आमच्या लॅबमध्ये मी त्याचे वेगवेगळ्या प्रकाशात फोटो काढले होते. माझा दावा असा, की नऊही तुकडे एकाच वाडग्याचे आणि अक्षरं एकाच हातची.

अण्णा म्हणजे माझे वडील, माझ्याकडे राहायला आलेले. मिरजेत भांड्यांच्या दुकानात त्यांनी पस्तीस वर्षं भांड्यांवर नावं घातली. टर्रर्र करणारं ते मशीन धरून आधी 'चि. सौ. कां. अमकी हिस सप्रेम भेट', मग देणाऱ्याचं नाव. देणारा शेवटी, त्यामुळे जागा संपली की चेंगरायचा तोच. मग गिऱ्हाईक दुकानात येऊन तोंड सोडायचं.

"उर्जा, हे सुरू कुठून होतं गं?" अण्णांनी विचारलं.

"ते छोटं पान आहे ना, तिथून. आणि उजवीकडून डावीकडे. अण्णा, हात लावू नका हं!"

"नाही लावत, बाई." त्यांनी हवेतच बोट फिरवलं. "इथपर्यंत गड्यानं ऐसपैस लिहिलंय. इथं लक्षात आलं, जागा संपत आली. मग दाटी. आणि दाटीतच हा एक तुकडा पुन्हा ऐसपैस. अडचणीत सापडलेला माणूस मधेच हातपाय पसरतो होय? हा तुकडा ह्याचा नाही."

नेमक्या त्याच वेळी माझ्या गाईड, प्रोफेसर लिंडनर, आत आल्या. मी तडकलेच. "अण्णा, हे काय स्टीलच्या डब्यावर नाव घालणं आहे का? तीन वर्षं घातलीत मी यात!"

मॅडमना मराठी कळत नाही, पण सूर कळला असणार. अण्णांनी हवेतलं बोट मिटलं, हात खिशात घातला. "बरोबर आहे तुझं," म्हणाले, आणि बाहेर कॉरिडॉरमधल्या खुर्चीवर जाऊन बसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण रागही जाईना.

पोस्टरची फाईल उघडली, मिटली. पुन्हा उघडली. डोळा सारखा अण्णांनी दाखवलेल्या त्या आठव्या तुकड्यावर जाऊन थांबायचा. शेवटी मूळ फोटो उघडले. पोस्टरवर सगळं एकसारखं दिसावं म्हणून मी प्रत्येक तुकड्याचा उजेड आणि रंग सारखा करून घेतला होता. मापंही त्याच फोटोंवरून काढलेली. म्हणजे जे दिसायला हवं होतं तेच मी माझ्या हाताने पुसलं होतं. मूळ फोटोंत अतिनील प्रकाशाखाली बाकीच्या आठ तुकड्यांचा लेप निळसर दिसत होता. आठवा तेवढा पिवळा.

"गेनाऊ, अगदी बरोबर," मॅडम स्क्रीनकडे वाकून म्हणाल्या. "दुसऱ्याच वाडग्याचा. उर्जा, हे तुमच्या आधीच्या दाव्यापेक्षा कितीतरी मोठं आहे. काँट्रॅक्टची काळजी सोडा. पण संशय कशावरून आला?"

"अक्षरांच्या दाटीवरून."

"तुमच्या लक्षात आलं?"

"हो," मी म्हणाले.

किती सोपं होतं ते! पोस्टरचं शीर्षक बदललं, चित्रं बदलली, चार वाक्यं खोडली. साडेपाच वाजले. पेनड्राइव्ह घेऊन बाहेर धावले तर अण्णा खुर्चीतच, मांडीवर माझा कोट घडी घालून धरलेला.

"झालं का गं? माझ्यामुळं उशीर झाला ना? साहेबीणबाई रागावल्या का तुझ्यावर?"

मला जोरात रडायला आलं. तशीच मागे वळले, मॅडमच्या दारात उभी राहिले आणि सांगून टाकलं, की मी खोटं बोलले, ते माझ्या वडिलांनी ओळखलं. त्या खुर्चीतून उठल्या. मग म्हणाल्या, "मग त्यांचं नाव घाला. लगेच."

नावांच्या ओळीत जागाच नव्हती. माझं नाव मी तीन महिन्यांपूर्वीच ठळक, मोठ्या अक्षरांत टाकलेलं, मग मॅडमचं, मग लॅबचं. हलवाहलव करायला वेळ नव्हता. शेवटी टाईप बारीक करून 'भास्कर वेळापुरे' कसंबसं बसवलं.

सहाला पाच कमी असताना पोस्टर कॉपीशॉपच्या मशीनमधून बाहेर आलं. अण्णांनी चष्मा लावला. इंग्रजी अक्षरं एकेक करत वाचत ते ओळीच्या टोकाशी पोचले आणि थांबले.

मग त्यांनी कागदाला न लावता, हवेतच, आपल्या नावावरून बोट फिरवलं.

"दाटी झाली गं शेवटी," ते म्हणाले. "लिहायच्या आधी मला मोजलं नव्हतंस."