साठ मीटर कोरं कापड

आक्काताईंची दोन गाठोडी बोहारणीनं नेली आणि त्या बदल्यात त्यांच्या सुनेला, श्रद्धाला, झाकणाचा एक स्टीलचा डबा मिळाला. डबा चांगला होता, नाही असं नाही. पाच किलो पीठ आरामात मावलं असतं. पण समोरच्या घरातल्या मेहरुनबीनं तो पाहिला मात्र, तिला तो उचलून सरळ गटारात फेकावासा वाटला.

कारण त्या गाठोड्यांत आठ वर्षांची जमवाजमव होती. सुती लुगडी, मऊ पडलेली धोतरं, आक्काताईंच्या सासूबाईंचं एक हिरवं पातळ. मेहरुनबी आणि आक्काताई कुपवाडच्या त्या गल्लीत समोरासमोर राहायच्या आणि गेली तीस वर्षं दोघी मिळून जुन्या कापडाच्या वाकळा, म्हणजे गोधड्या, शिवायच्या. एका कडेला ही, दुसऱ्या कडेला ती, मध्ये वाकळ आणि वर गप्पा. गल्लीत कुणी बाळंतीण झाली, कुणाच्या लेकीचं लग्न ठरलं, की या दोघींची वाकळ ठरलेली. स्वतःसाठी मात्र त्यांनी आजवर एकही शिवली नव्हती. वेळच कुठं होता?

आणि आता आक्काताईंच्या मुलाची, भरतेशची, बँकेनं साताऱ्याला बदली केली होती. संक्रांत झाली की घर हलायचं. आक्काताईंना सातारा म्हटलं की थंडीच आठवायची, आणि ब्लँकेट तर त्यांना बिलकूल चालायचं नाही. "अंगावर कुणाची तरी म्हस बसल्यागत वाटतं गं," म्हणायच्या. तेव्हा मेहरुनबीनं त्यांना शब्द दिला होता, "आक्का, तुमी वाकळ घिऊनच जानार. ही तुमची." शब्द देऊन चार दिवस झाले नाहीत तोवर सामान आवरता आवरता श्रद्धानं चिंध्या समजून गाठोडी देऊन टाकली. पोरगी रडकुंडीला आली होती. तिला तरी काय बोलणार?

बरं, जुनं सुती कापड आता मागायचं कुणाकडं? सगळ्यांच्या अंगावर ते गुळगुळीत, सुई टोचली की घसरणारं. मेहरुनबीनं दोन दिवस गल्ली पालथी घातली आणि मिळवलं काय, तर एक टॉवेल.

तिसऱ्या दिवशी तिचा मुलगा मोहसीन मोटरसायकलवर पुढं-मागं कापड बांधून आला. तो ज्या कारखान्यात काम करायचा तिथं शाळेचे गणवेश शिवायचे. एका शाळेनं ऐनवेळी चौकडा बदलला, आणि मालक म्हणाला, जागा मोकळी करा, कुणाला हवं त्यानं न्या. साठ मीटर. निळा-पांढरा चौकडा, अस्सल सुती, आणि फुकट.

फुकट म्हटल्यावर गल्ली गोळा व्हायला कितीसा वेळ लागतो. शेजारची बनुबाई म्हणाली, "माज्या चार खिडक्यास्नी पडदं हुत्याल." तिची थोरली नात समीक्षा विश्रामबागेत कॉलेजला होती, ती म्हणाली पिशव्या शिवून विकू. निवृत्त सुभेदार उदयसिंह कमरेवर हात ठेवून म्हणाले, "सगळ्यात सोप्पं सांगतो. चार घड्या घाला, मशीन मारा, वाकळ तयार. मिशन खल्लास."

"सुभेदार, तुमी त्या वाकळंखाली झोपून दावा," मेहरुनबी म्हणाली. "कोरं कापड हाय ह्ये. पत्र्यावानी उभं ऱ्हातंय. ऊब धरत न्हाई, अंगाला लागत न्हाई."

"धू की मग सोड्यात घालून," बनुबाई म्हणाली.

"धुऊन मऊ हुतंय. जुनं न्हाई हुत. जुनं व्हायला मानसाचं अंग लागतंय."

हे बोलली आणि तिचं तिलाच काहीतरी सुचलं. ती उठली, कात्री आणली आणि तिथल्या तिथं ओट्यावर कापड फाडायला बसली. ज्याला जे शिवायचं ते शिवा, म्हणाली. शर्ट शिवा, गाऊन शिवा, दुपटी करा. पण रोज वापरायचं आणि रोज धुवायचं. दीड महिन्यानं सगळं मला परत पाहिजे.

आक्काताई दारातून हे सगळं बघत होत्या. "आन मला गं?" त्यांनी विचारलं.

"तुमाला न्हाई. तुमच्या अंगावर परत तुमचंच काय घालू? आमचं लागलं पायजे तुमाला."

आक्काताईंनी आत जाऊन उगाचच भांडी घासायला घेतली.

मग काय विचारता. आठ दिवसांत गल्लीत शाळा भरल्यागत झालं. सुभेदारांनी पूर्ण बाह्यांचा शर्ट शिवून घेतला आणि तो घालून ते पहाटे पळायला जाऊ लागले. आल्यावर तोच शर्ट दगडावर असा आपटायचे की शत्रू सापडलाय. बनुबाईनं तान्ह्या नातवाला सहा दुपटी केली. तो पठ्ठ्या दिवसातून दहा वेळा ती धुवायला लावायचा, आणि मेहरुनबी कौतुकानं म्हणायची, खरं काम एकटं हेच करतंय. समीक्षानं आणि तिच्या मैत्रिणींनी गाडीवर तोंडाला बांधायचे स्कार्फ केले. श्रद्धानं पायघोळ गाऊन शिवला आणि सकाळी जो चढवला तो घर झाडताना, पुसताना, खोकी बांधताना अंगावरच. कुणी काही बोललं नाही तरी ती स्वतःच म्हणायची, "मी लवकर जुना करते."

खरोखर करत होती. डिसेंबर सरला तसा चौकडा विटला, खळ गेली, कापड हाताला लागायला लागलं. मेहरुनबी येता-जाता लोकांच्या बाह्या चिमटीत धरून बघायची. लोकांनाही सवय झाली होती. बोलता बोलता हात पुढं करायचे.

संक्रांत दहा दिवसांवर आली तेव्हा ती मोकळी पाटी घेऊन कापड गोळा करायला निघाली. आणि इथं तिचा हिशेब चुकला.

सुभेदार म्हणाले, "वापस? भाभी, आत्ता कुठं शर्ट जमलाय मला. कॉलर कशी बसलीया बघा."

बनुबाई म्हणाली, "दुपट्याबिगर त्ये झोपत न्हाई गं. वास वळखतंय."

समीक्षाच्या मैत्रिणी सुट्टीला कडेगावला गेल्या होत्या, स्कार्फांसकट. समीक्षा स्वतः स्कार्फ बांधून दारातच उभी होती, नुसते डोळे दिसत होते, आणि ते डोळे काही स्कार्फ द्यायला तयार नव्हते. सगळ्या गल्लीतून मेहरुनबीला दोन हातरुमाल मिळाले आणि बंद तुटलेली एक पिशवी.

ती येऊन ओट्यावर बसली. राग यावा म्हटलं तर येईना. अंगाला लागलेलं कापड कोण सोडतं? ते तर तिनंच सगळ्यांना शिकवलं होतं. पण वाईट वाटायचं ते वाटलंच. तीस वर्षांची सोबत जाणार, आणि आपण एक वाकळ देऊ शकत नाही. आक्का तिकडं त्या ब्लँकेटखाली कुडकुडत आपल्याला आठवणार, आणि शब्द पाळला नाही म्हणून आठवणार. तिचे डोळे भरून आले.

समोरच्या दारातून श्रद्धा आली. अंगात तोच गाऊन, हातात कात्री. ती मेहरुनबीसमोर उभी राहिली, वाकली, आणि गुडघ्यापासून खालचा सगळा घेर तिनं गोल कापून काढला. आत सलवार होती म्हणून बरं. "माझ्या हातानं गेलं होतं चाची," ती म्हणाली. "माझ्याच हातानं घ्या." तिनं तो घेर पाटीत ठेवला.

सुभेदार त्यांच्या फाटकातून बघत होते. ते आत गेले आणि बाहेर आले तेव्हा शर्ट अर्ध्या बाह्यांचा झाला होता. खिसाही उसवून आणला होता. "पाठही काढून देतो, पण मग पळायला येत नाही," म्हणाले. बनुबाईनं सहातली तीन दुपटी दिली. समीक्षानं स्कार्फ मधून फाडला आणि कडेगावला फोन करून मैत्रिणींना सांगितलं की अर्धा-अर्धा घेऊन या. दुसऱ्या दिवशी सगळी गल्ली अर्ध्या-अर्ध्या कपड्यांत फिरत होती. मेहरुनबीची पाटी भरून वर शीग लागली.

मग दोघी उन्हात बसल्या. वाकळ कडेनं सुरू करायची आणि गोल फिरत आत यायचं. सुभेदारांची बाही, तिच्याशेजारी दुपटं, मग श्रद्धाचा घेर. खिसा जसाच्या तसा वर बसवला, तोंड उघडं ठेवून. आक्काताईंनी लगेच त्यात जपमाळ घालून बघितली. रोज दोघींचे चारी हात आत सरकत होते आणि दोघींच्या मांड्या एकमेकींच्या जवळ येत होत्या.

वाकळेच्या मधोमध शेवटी वीतभर जागा उरते. तिला वाकळेचं पोट म्हणायचं. ते रिकामं ठेवून शिवत नाहीत, आत काहीतरी खायचं ठेवतात. या दोघींचं तीस वर्षांचं भांडण होतं ते याच्यावरच. मेहरुनबी म्हणायची, भाकरीचा तुकडा पाहिजे, तिच्या सासूनं तसंच शिकवलं होतं. आक्काताई जैन, त्या म्हणायच्या, भाकरीला मुंग्या येतात, कूस बदलली की जीव चिरडतात, ते पाप कुणी घ्यायचं? तांदळाचे चार दाणे घाल. आजवर प्रत्येक वाकळेत आक्काताईंचे तांदूळच गेले होते.

सामानाचा टेम्पो दुसऱ्या दिवशी दुपारी येणार होता. उन्हं उतरायच्या आत दोघी पोटापाशी पोचल्या. मेहरुनबीनं विचार केला, आज भांडायचं नाही. तिनं स्वतःहून आतून तांदूळ आणले आणि सुईत दोरा ओवला.

आक्काताईंनी तिच्या हातातली सुई काढून घेतली आणि कापडात खोचली. "ऱ्हाऊ दे."

"म्हंजे? रिकाम्या पोटाची वाकळ घिऊन जानार व्हय?"

"जानार. पोट शिवणारीनं भरायचं असतंय. तू ये साताऱ्याला आन भर. यष्टी काय बंद पडल्यात व्हय?" त्या वाकळेची घडी घालायला लागल्या. सुई आत तशीच ठेवली. मग मेहरुनबीकडं न बघता म्हणाल्या, "आन भाकरीच आण. तांदूळ नको."

"आवं, आन मुंग्या?"

"मुंग्यांचं मी बघीन."

त्याला आता वर्ष होत आलं. मेहरुनबी साताऱ्याला तीनदा जाऊन आली. दर वेळी फडक्यात भाकरी बांधून नेते. आक्काताई वाकळ काढतात, खिशातली जपमाळ बाजूला ठेवतात, दोघी समोरासमोर बसतात, गप्पा सुरू होतात. दिवस मावळायच्या आत आक्काताईंना जेवायचं असतं, म्हणून भाकरी फडक्यातून सोडतात आणि दोघी ती चटणीबरोबर खाऊन टाकतात. वाकळेचं पोट अजून शिवायचंच आहे.