पातळ पट्टीची घाई

माझा व्यवसाय भिंती उभारण्याचा असून, भिंतींवर चढण्याचा छंद मला वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी जडला. एका बंद पडलेल्या गोदामात कृत्रिम कड्यांची व्यायामशाळा निघाली आणि तिच्या फरशा बसविण्याचे काम माझ्याकडे आले. काम संपले, परंतु माझे पाऊल तेथून निघाले नाही. माझ्यामागोमाग माझा मेहुणाही येऊ लागला. तो केशकर्तनाचे दुकान चालवितो.

तेथे बोटांच्या सरावासाठी दोन लाकडी पट्ट्या ठोकलेल्या आहेत. जाड पट्टीवर बोटांची दोन पेरे मावतात, पातळ पट्टीवर जेमतेम एक. जाड पट्टीला लोंबकळून बोटे तयार झाली की पातळ पट्टी, आणि ती साधली की पुढे झुकलेली मोठी भिंत. ती भिंत चढावी, हीच त्या काळी माझ्या अंतःकरणातील इच्छा होती.

मेहुण्याचे हात दिवसभर पाण्यात. अर्ध्या तासातच त्याची कातडी सोलून निघे आणि तो बोटांवर फुंकर घालीत बाकावर बसे. माझ्या हातांना मात्र वीस वर्षांच्या सिमेंटने असे घट्टे दिले होते, की ओरखडाही उठत नसे.

“काय रे, हात लोण्याचे आहेत का तुझे?” मी त्यास विचारी.

“असू देत लोण्याचे! दाजी, तुम्ही गिऱ्हाइकाच्या गालावरून नुसता हात फिरवलात, तर मला वस्तरा लागायचा नाही.”

सहाव्या आठवड्यात मी प्रशिक्षिकेला न विचारताच पातळ पट्टी धरली. या बाईंना आम्ही सारे ताई म्हणतो. कातडी शाबूत आहे, त्याअर्थी बोटे सिद्ध झाली आहेत, असा माझा निष्कर्ष होता. सलग चार संध्याकाळी मी तिला लोंबकळलो.

पाचव्या सकाळी सदऱ्याची गुंडी लागेना. उजवी अनामिका मुळापाशी दुखत होती.

“आता गुंड्यांनाही मीच हवी का?” बायको म्हणाली.

“जरा आखडलंय,” मी म्हणालो.

कामावर सिमेंटच्या मालाने थापी भरून उचलली, तोच ती मालासकट हातातून निसटून पायाशी पडली. मोठी भिंत राहिली बाजूला. थापीच धरता आली नाही, तर मी या जगात करणार काय?

डॉक्टरांनी बोट तपासून ‘ताणले आहे, तुटलेले नाही’ असे सांगितले. संध्याकाळी मी तेच बोट ताईंपुढे धरले.

“किती दिवस लटकलात?”

“चार. पण कातडीला काहीच झालं नव्हतं, ताई.”

“तेच तर! तुमच्या मेहुण्याची कातडी बोंबलते, म्हणून तो वेळेवर थांबतो. तुमची मुकी आहे. ती सांगणार काय, कपाळ? बोट वळवणारी आतली दोरी दमली, तरी तुम्ही आपले लटकलेलेच.”

“मग तयारी झाली हे ओळखायचं कशावरून?”

“सकाळी उठल्या उठल्या मूठ वळा. ओळीने पंधरा सकाळी दुखलं नाही, तर जाड पट्टी. पुढेही एका वेळी एकच गोष्ट वाढवायची. पट्टी पातळ केली, तर वेळ कमी. आणि लागोपाठ दोन दिवस नाही.”

मी आज्ञा शिरोधार्य मानली. दहा सकाळी निर्विघ्न पार पडल्या. त्याच सुमारास मेहुणा मोठ्या भिंतीवर तीन हात चढला आणि वरून ओरडला, “दाजी, इथे हवा फार छान आहे हो!” मी हसलो खरा, परंतु मनात उरलेल्या पाच सकाळी मोजल्या.

अकराव्या सकाळी मूठ वळताना बोटाच्या मुळाशी बारीक टोचले. इतके बारीक, की नसल्यासारखेच. मी अंथरुणात बसून पुष्कळ विचार केला. ते टोचणे माझ्यावाचून कोणासही ठाऊक नव्हते आणि ठाऊक होण्याचा मार्गही नव्हता. ताई मुठीला विचारणार नव्हत्या. मलाच विचारणार होत्या. संध्याकाळी मी म्हणालो, “ताई, आज टोचलं.”

“मग पुन्हा एकपासून,” त्या शांतपणे म्हणाल्या.

त्यानंतर पंधरा सकाळी ओळीने गेल्या. मग जाड पट्टीवर तीन आठवडे काढले, आणि एके दिवशी ताईंनी स्वतः पातळ पट्टीकडे बोट दाखविले. पाय जमिनीवर, निम्मेच वजन बोटांवर, पाच अंकांपर्यंत. मी धरले. पाचाला बोटांत एवढे बळ शिल्लक होते, की बारापर्यंत सहज गेलो असतो.

मी सोडून दिले.

“अहो, जमत होतं की अजून!” मेहुणा म्हणाला.

“जमत होतं,” मी म्हणालो.

“मग?”

“मग काय? परवा पुन्हा पाच.”

त्याने माझ्याकडे निरखून पाहिले. मग कमरेचा दोर आवळीत म्हणाला, “बरं, तोवर मोठ्या भिंतीखाली तरी उभे राहा. माझा दोर धरा, आणि वर बोटं रोवायच्या खाचा कुठे कुठे आहेत ते बघून ठेवा. लागतील तुम्हाला.”

मी दोर धरला आणि पहिली खाच कोठे आहे, ते पाहू लागलो.