ड्रमसमोर ऐकू येईल असा

सलिलने मला सरळ सांगितलं होतं. "शनिवारी वाघोलीच्या कॅफेत तू ऐकू आली नाहीस, तर पुढच्या शोपासून बास लॅपटॉपवरून सोडणार. राग मानू नकोस."

राग मानू नकोस म्हणे. आमच्या बँडमध्ये तो गातो आणि गिटार वाजवतो, शहेजाद ड्रम बडवतो, मी बास, म्हणजे खालच्या सुरांची गिटार, वाजवते. तिघांत ऐकू न येणारी मी एकटी, कारण माझा अ‍ॅम्प, म्हणजे आवाज मोठा करणारा खोका, तीस वॉटचा. तो घेतला तेव्हा दुकानात एकटीच वाजवून बघितला होता. बंद काचेआड काय घुमला होता! पहिल्याच शोला शहेजादने ठोका मारला आणि सगळा घुमारा त्यात बुडाला. आम्ही बासवाले पहिला अ‍ॅम्प असाच घेतो आणि मग दोष बोटांना देतो. सलिलही तेच करत आला. "कादंबरी, जरा जोर लाव ना!" अरे, जोर लावून काय तारा तोडू?

म्हणून आम्ही तिघे बुधवार पेठेत रतनशेठच्या दुकानात गेलो. दारातच मांडलेल्या ड्रमसेटवर पाटी होती: 'वाजवून बघायचे असल्यास आधी विकत घ्यावे.'

"बोला साहेब, कोणासाठी?" रतनशेठनी सलिलला विचारलं.

"माझ्यासाठी," मी म्हणाले.

"हो का? मग हा न्या." त्यांनी एक छोटा खोका पुढे सरकवला. "पन्नास वॉट. बायकांना उचलायला बरा."

"मला उचलायचा नाहीये. वाजवायचाय."

"अगं, बराय की," सलिल म्हणाला. "माझ्या गाडीत मागच्या सीटवर बसेल. कॅफेच आहे, स्टेडियम नाही."

"तुझा गिटारचा अ‍ॅम्प किती वॉटचा?"

"चाळीस. पुरतो की."

"तुला पुरतो. खालचे सूर वॉट पितात, सलिल. तुझ्या चाळिसासमोर मला तीनशे लागतात."

"हे कोणी सांगितलं?"

"माझ्या तीस वॉटने. दर शोला सांगतोय. तुझं लक्ष असतं कुठे?"

मी बास पन्नास वॉटला लावली. चार सूर वाजवले. कपाटाची काच थरथरली.

"बघा!" रतनशेठ खूश. सलिलने गाडीची किल्ली काढलीसुद्धा. त्या तीस वॉटसारखाच आणखी एक माझ्या गळ्यात पडणार होता.

"शहेजाद, बस," मी ड्रमकडे बोट दाखवलं.

"अहो! पाटी वाचता येते ना?" रतनशेठ गरजले.

"येते की," शहेजाद स्टूल ओढत म्हणाला. "आधी वाजवतो, मग निवांत वाचतो."

"हे दुकान आहे, मांडव नाही!"

"कॅफेत मी एकटी वाजवत नाही, शेठ," मी म्हणाले. "ड्रमसमोर ऐकू आला तर आत्ता घेते. नाही आला, तर राहू दे तुमच्याकडेच, बायकांना उचलायला."

शहेजादने रोजचाच ठेका धरला. जराही दया नाही. पन्नास वॉट त्यात बुडाला. मी आवाज पूर्ण फिरवला, तर स्पीकर फाटक्या पत्र्यासारखा फडफडायला लागला. रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली.

कोपऱ्यात काळा, थोराड, तीनशे वॉटचा होता. मी तो ओढत आणला.

"जड आहे तो," रतनशेठ म्हणाले.

"दिसतंय."

लावला. पहिला सूर तळपायातून वर आला. शहेजादने दात काढले आणि मुद्दाम जोरात बडवलं. मी होते तिथेच होते. आणखी जोरात बडवलं. तरी ऐकू येत होते.

"हा माझ्या गाडीत बसणार नाही," सलिल म्हणाला.

"गाडी कोणी मागितली? मी धायरीच्या माझ्या घरून टेम्पो करीन."

"वाघोलीपर्यंत? अख्खं पुणं ओलांडून?"

"हो. तू लॅपटॉप आण सीटबेल्ट लावून."

खरंच आणला त्याने. शनिवारी कॅफेत माईकशेजारी उघडा ठेवला, वेळ पडली तर म्हणून. पहिली दोन गाणी त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. तिसऱ्या गाण्यात, दुसऱ्या कडव्यात माझं बोट बासच्या एका पडद्यावरून पुढच्यावर घसरलं. याआधी मी शंभरदा चुकले असेन, कोणाला पत्ता नव्हता. हा चुकीचा सूर मात्र अख्ख्या कॅफेत लोळत गेला. पुढच्या टेबलावरच्या मुलीने कप खाली ठेवला. सलिल गाता गाता गर्रकन वळला.

गाणं संपल्यावर तो माझ्या अ‍ॅम्पपाशी आला आणि आवाजाच्या बटणाला हात घातला.

"काय वाजवलंस हे? चुकलीस!"

"ऐकू आलं?"

"सगळ्यांना आलं!"

"मग हात काढ. लॅपटॉप मिट आणि पुढचं गाणं घे."