फ्लेक्सवरची मैत्रेयी

तिच्या डाव्या डोळ्यावर कावळ्यानं घाण केली होती आणि ती वाळून खडखडीत झाली होती... मळणीसाठी थांबलेल्या सोयाबीनच्या गंजीवर जुना फ्लेक्स ताणला होता, आणि त्यावर दहावीतली मैत्रेयी हसत होती — 'समाजाची शान'. अंगणातल्या खाटेवर बसलेली मैत्रेयी सकाळपासून तिच्याकडे बघत होती. हस, हस मेले. तुला काय जातंय! निकाल लागला तेव्हा बोरी अरबच्या बुद्धविहारासमोर बाबांनी स्वतः दोऱ्या बांधून तिला टांगलं होतं. मग यवतमाळचा क्लास, आणि तिथे एके दिवशी अक्षरं नुसती दिसायला लागली, आत शिरेचनात... आधी झोप येईना, मग झोप सरेना. दसऱ्यापासून ती घरी. कुणी आलं की आई सांगायची, "टायफाइड झालता तिले." टायफाइड! त्याला निदान गोळी तरी असते.

आज तिनं आईला सांगूनही पाहिलं होतं — आई, मले जगावंच नाही वाटून राह्यलं. आईचा कणकेतला हात थांबला, जरासाच. "असं बोलते का कोणी? नाटकं नोको करू. तुह्या बाबाईले कळलं तं त्याईचं काय होईन?" बाबांचं काय होईल! म्हणजे मी मेले तरी पाणी आधी बाबांना द्यायचं.

"ताई..." धाकटी दीपा शाळेतून आली होती, दप्तर पाठीवरच. "तुले आतून बरं नाही वाटत ना? मले सांग. मी कोणाले सांगत नाही."

हाच प्रश्न. इतके दिवस याचीच वाट पाहिली होती तिनं. डोळे भरूनही आले — आणि तोंडातून निघालं ते भलतंच. "तू विचारतं मले? गणितात नापास होणारी? मी मेली ना, तरी या घरात तुह्यी गिनती होणार नाही."

दीपाचं तोंड एवढंसं झालं. ती आत जायला वळली, आणि मैत्रेयीच्या छातीवरचं काहीतरी सरकलं, श्वास पोटापर्यंत गेला, भूक लागली... कित्येक दिवसांनी खरीखुरी भूक! शी, कसली बाई आहेस तू. पण बरं वाटलं — वाटलंच. आणि दीपा दारापाशी पोचेपर्यंत ते ओसरायलाही लागलं, भराभर.

"दीपे," तिनं हाक मारली, अगदी गोड आवाजात, "इकडं ये ना."

दीपा डोळे पुसत लगेच परत आली. मैत्रेयीनं तिचा हात हातात घेतला. माफी मागायची होती, बहुतेक... पण तिचं मन त्या चेहऱ्यावर आणखी कुठे दुखेल ते शोधायला लागलं होतं.