मुद्देमाल नंबर सात

“बाई, हा दगड आहे की नाही, एवढंच सांगा.”

“न्हाय. हा वरवंटा हाय. अर्धा हाय, पण वरवंटा हाय.”

“म्हणजे दगडच ना!”

“तुमची खुर्ची पण लाकूडच हाय, वकीलसाहेब. जळण म्हणून नेऊ का घरी?”

मागच्या बाकांवर हसू फुटलं. चौकशीवाल्या साहेबांनी टेबलावर पेन आपटलं. आणि ज्याच्यावरून हे सगळं जुंपलं होतं तो मी, त्याच टेबलावर कमरेला सुतळी बांधलेल्या अवस्थेत पडलो होतो. सुतळीला चिठ्ठी होती: मुद्देमाल नंबर सात.

होय, तोच अर्धा वरवंटा बोलतोय. रॉकेलच्या रांगेवरच्या त्या गोळीबाराबद्दल पोलीस बोलले, पेपरवाले बोलले, रेशन दुकानदारही बोलला. ज्याला पुरावा म्हणून बांधून आणलं त्याला मात्र कुणी काही विचारलं नाही. तेव्हा आता माझं ऐका.

मी काळ्या पाषाणाचा. एका वडारणीनं मला छिन्नीनं घडवलं आणि वज्रेश्वरीच्या जत्रेत मांडलं. शेलार गावच्या बायजाबाईनं मला तळव्यावर तोललं, बोटानं टकटक केलं आणि वडारणीला म्हणाली, “ह्याचा आवाज माझ्या नवऱ्यापेक्षा खणखणीत हाय, दे.” नवरा शेजारीच उभा होता. तो बिचारा मुकाट्यानं पाटा डोक्यावर घेऊन चालू लागला.

बावीस वर्षं मी तिच्या हातात होतो. मिरची, खोबरं, सुकट, काय म्हणाल ते वाटलं. वाटताना तिच्यासमोर वाण्याच्या पुडीचा कागद पसरलेला असायचा. शाळा तिनं बाहेरूनच पाहिली होती. अक्षरं शिकली ती या पुड्यांवरून. माझे चार फेरे झाले की कागदाची एक ओळ. चटणीला उशीर व्हायचा, पण मुंबईत काय चाललंय ते बायजाबाईला सरपंचाच्या आधी कळायचं.

पुढे हळकुंडं फोडताना माझेच दोन तुकडे झाले. दुसरा तुकडा दाराला टेकण म्हणून गेला, मी ओट्यावर रिकामा पडलो. माणसांची एक खोड मी पाहिली आहे, कामातून गेलेली वस्तू ती टाकतही नाहीत आणि तिच्याकडे बघतही नाहीत. पण चौऱ्याहत्तर साली रॉकेलची टंचाई आली आणि मला पुन्हा नोकरी लागली.

रेशनचं दुकान भिवंडीच्या वेशीवर. रॉकेलची गाडी कधी येईल याचा नेम नाही. लूमवाल्यांना शिफ्ट सोडून उभं राहता येत नसे, बायांना पाणी भरायचं असे. म्हणून ज्यानं-त्यानं पहाटे आपला दगड रांगेत ठेवायचा आणि कामाला जायचं. दगड उभा म्हणजे माणूस उभा. राहीबाईच्या दगडावर गेरूचा ठिपका, लूमवाल्या इद्रीसच्या दगडाला लाल सुताचा वेढा, आणि बायजाबाईचा मी. एकदा इद्रीस ओरडत आला, “अम्मा, हमारा पत्थर पीछे कैसे गया? पाँव निकल आए क्या?” बायजाबाईनं सगळ्या रांगेची अशी काही हजेरी घेतली, की पुन्हा कुणाचा दगड हलला नाही.

आणखी एक नियम होता. दुकानाची फळी लागली की आपापला दगड उचलून घरी न्यायचा. मागे राहिलेल्या दगडाचा नंबर पुढच्या खेपेला कुणी धरत नसे.

त्या मंगळवारी अकरा जणांना रॉकेल मिळालं आणि दुकानदारानं हात वर केले. मागच्या दारी दोन पिंपं टेंपोत चढताना राहीबाईनं पाहिली. आरडाओरडा झाला, बाया टेंपोसमोर बसल्या. तेवढ्यात पोलिसांची गाडी आली. त्यातले पोलीस बाहेरून आणलेले, त्यांना इथलं काही ठाऊक नाही. दुकानदारानं घाईघाईनं फळी लावली.

फळी लागली, तशी वीस-पंचवीस माणसं एकदम वाकली. आपापला दगड उचलायला.

लडकू, बायजाबाईचा थोरला, रातपाळी करून नुकता आला होता. त्याचे डोळे तांबारलेले, केसांत कापसाचे तंतू. “चल रं बाबा, आज बी न्हाय,” असं मलाच म्हणत त्यानं मला उचललं. आणि आवाज झाला. गोळी त्याच्या मांडीत शिरली. मी त्याच्या हातातून गळून पडलो. पलीकडे म्हातारा केसरीनाथ आपल्या डब्यावर बसला होता, तो बसल्या जागीच कलंडला आणि परत उठला नाही. बाकीची माणसं दगड जागच्या जागी टाकून पळाली.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं: जमावानं आधीच दगडांचा साठा करून ठेवला होता, तुफान दगडफेक झाली, पोलिसांनी हवेत गोळीबार केला. बातमीदार जीपमधून खाली उतरलाच नव्हता, फोटोसुद्धा आत बसूनच काढला, मी तिथंच पडून पाहत होतो. लडकू इस्पितळात, आणि त्याच्यावर दंगलीचा खटला. बायजाबाईनं बातमी दोनदा वाचली आणि पेपरला कार्ड टाकलं. मग दुसरं टाकलं. मग सहा. “हवेतली गोळी बसलेल्या म्हाताऱ्याला कशी लागली, ते छापा,” असं तिनं वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं होतं. एकही छापलं नाही. म्हणून चौकशी बसल्याचं कळताच ती स्वतःच जाऊन उभी राहिली. कुणी बोलावलं नव्हतं. शिपायानं अडवलं तर म्हणाली, “माझा वरवंटा आत हाय.”

तर आता त्या भांडणाकडे येतो. सरकारी वकील घाम पुसत म्हणाला, “बरं, वरवंटा. तुमच्या मुलाच्या हातात हाच वरवंटा होता?”

“होता.”

“लोक दगड उचलायला वाकले होते?”

“वाकले होते.”

बाकांवर राहीबाईनं कपाळाला हात लावला. वकिलाच्या चेहऱ्यावर हसू आलं. “झालं तर मग. दगड उचलला तो मारायलाच ना?”

“घरी न्यायला.”

“घरी? दगड कुणी घरी नेतं का, बाई?”

बायजाबाई टेबलाजवळ आली. शिपाई पुढे झाला, तिनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं. एकेक दगड उचलून ती साहेबांपुढे ठेवू लागली. “हा राहीचा, गेरू बघा. हा इद्रीसचा, धागा अजून हाय. हा केसरीनाथचा. तो आता रांगेत यायचा न्हाय.” मग पदराखालून तिनं पेपराची घडी काढली. पेपरवाल्यांनीच छापलेला फोटो, खाली लिहिलेलं: जमावानं फेकलेले दगड. “बघा साहेब. दुकानाच्या पायरीपासून हातपंपापर्यंत. फेकलेले दगड असे एका ओळीत पडतात का?”

साहेबांनी चष्मा वर केला, फोटो उजेडाला धरला. वकील तरी म्हणालाच, “हे सगळं तुम्ही मागाहून रचलंय, बाई. या दगडांची रांग होती, याला पुरावा काय?”

मी पुष्कळ माणसं पाहिली, पण अशी दुसरी पाहिली नाही. लेक खाटेवर, समोर सरकार, आणि बाई पोलिसपाटलाच्या दारात भांडावं तशी ताठ. तिचं पुढचं वाक्य झालं आणि वकील खाली बसला. साहेबांनी स्वतःच्या हातानं माझी सुतळी सोडली. पुढे लडकूवरचा खटला मागे घेतला गेला. अहवालात ओळ आली, दगडफेक झाल्याचं दिसत नाही. पेपरनं ती आतल्या पानावर, तेलाच्या जाहिरातीखाली छापली. गोळी घालणाऱ्यांचं काय झालं ते मात्र आजवर कुठंच छापून आलं नाही.

आता मी पुन्हा ओट्यावर आहे. लडकू लंगडत लूमवर जातो. पेपर वाचणाऱ्या मंडळींनो, तुमच्याकडे एकच मागणं आहे. बातमीत दगड दिसला तर तो कुणाचा, कुठं ठेवलेला होता, एवढं विचारत जा. आम्हांला तोंड नाही, आणि सगळ्याच दगडांना बायजाबाई भेटत नाही.

तिनं त्या दिवशी वकिलाकडे पाहिलंसुद्धा नाही. साहेबांपुढे पदर पसरला, पण भीक मागायला नव्हे, दगड भरून घ्यायला, आणि म्हणाली:

“साहेब, उद्या रॉकेलची गाडी येनार म्हनतात, आमचे दगड आम्हाला परत द्या, रांगेत ठेवायला आमच्याकडं दुसरं काय बी न्हाय.”