न कांडलेल्या चटणीची बदनामी

मी मिरची कांडायची मशीन बोलतेय. जरा मोठ्यानं बोलेन, सवयच आहे. गडमुडशिंगीच्या रस्त्यावर शिंकांचा आवाज आला, की समजा माझं घर जवळ आलं.

उद्यमनगरातल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. लोखंडी उखळ, त्यात आळीपाळीनं आदळणारी मुसळं आणि वर फिरणारा पट्टा, एवढाच माझा देह. सिकंदरभाईंनी मला टेम्पोतून आणलं आणि पायाखाली काँक्रीट घालून घट्ट बसवलं. ते गेल्यावर त्यांची बायको लालबी माझ्यासमोर उभी राहिली. आता सून आयेशाही आहे. लालबी कांडते, आयेशा चाळते आणि फोन सांभाळते.

उन्हाळा लागला की मला उसंत नसते. बायका वाळवलेली मिरची, तळलेला मसाला, लसूण असं सगळं डब्यांतून घेऊन येतात. प्रत्येकीची चटणी वेगळी, आणि प्रत्येकीला आपलीच खरी वाटते.

गेल्या हंगामात भर गर्दीत एक चारचाकी थेट दारात येऊन थांबली. पृथ्वीराज नावाचा तरुण उतरला. सकाळी दुकान उघडं आहे का, असं फोन करून विचारणारा तोच.

“मावशी, माझं आधी घ्या. घाई हाय.”

“सगळ्यांनाच घाई हाय, बाबा. डबा रांगेत ठेव,” लालबी म्हणाली.

“मी कोण हाय म्हाईत हाय का?”

“मिरची घिऊन आलायस की. ठेव डबा.”

बायका हसल्या. ते हसू त्याला झोंबलं. डबा उचलून तो तसाच निघून गेला.

संध्याकाळी आयेशाच्या फोनवर दुकानाच्या नावाखाली पाचपैकी एकच तारा उमटला. ‘चटणीत लाकडाचा भुसा मिसळतात. बायका उर्मट.’ शेजारी पृथ्वीराजचा फोटो. मागोमाग त्याच्या दोस्तांनीही तेच लिहिलं. त्यांतला एकही माझ्यासमोर कधी उभा राहिलेला नव्हता. मला हात असते तर मीही उत्तर लिहिलं असतं, पण मला नुसती मुसळं!

लोक वाचतात आणि विश्वास ठेवतात. माझ्या दारावरून डबे पुढच्या गावाला जाऊ लागले. भर हंगामात माझा पट्टा दुपारीच थंड पडायचा. त्यातच बनाबाईंचा निरोप आला. त्या बचत गटाच्या प्रमुख. गटाची सगळी चटणी माझ्याकडेच व्हायची. ‘लोक काय काय लिवत्यात. मिरचीची पोती परत न्यायला येते,’ असा तो निरोप.

आयेशानं सरळ पृथ्वीराजला फोन लावला. लालबीलाही ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला.

“दादा, तुमचा डबा आमी उघडलाबी न्हाई. मग भुसा कुठनं आला?”

“काढतो की लिवल्यालं. तुमच्या सासूनं गिऱ्हाइकांसमोर माफी मागायची, मग काढतो.”

आयेशानं सासूकडं पाहिलं. घर माझ्यावर चालत होतं, हे दोघींनाही माहीत होतं. लालबीनं पदराला हात पुसले.

“चुकले असते तर पाय धरले असते. रांग मोडू दिली न्हाई म्हणून माफी? न्हाई मागायची.”

आयेशानं फोन ठेवला. “मग लढू या, अम्मी. पन शिवी न देता.”

तिनं प्रत्येक खोट्या शेऱ्याखाली शांतपणे लिहिलं, ‘आपण आमच्याकडे कधी आलात ते कळवावं. आपलं कांडप आमच्याकडे झालेलं नाही.’ हे शेरे दाखवणाऱ्या कंपनीकडे तक्रारही केली. काही शेरे निघाले. पृथ्वीराजचा शेरा नियमात बसतो, असं उत्तर आलं.

त्या गर्दीत एक शेरा निराळा होता. स्नेहल नावाच्या शिक्षिकेनं लिहिलं होतं, ‘कमी तिखटाची ब्याडगी दिली, तरी मुलांच्या डोळ्यांत पाणी आलं.’

“हीबी खोटंच बोलतीया!” लालबी उसळली.

आयेशा माझ्याजवळ आली. तिनं उखळाच्या कडेवरून बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. आधीच्या गिऱ्हाइकाची जहाल मिरची तिथं चिकटून होती.

“न्हाई अम्मी. ही खरं बोलतीया.”

तिनं तिथंच ‘चूक आमची’ असं लिहिलं आणि पदरच्या मिरचीची चटणी कांडून बाईंच्या घरी पोचवली. तेव्हापासून दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये माझ्यात मूठभर तांदूळ फिरवतात. खरं सांगू? मलाही बरं वाटतं.

मग बनाबाई पोती न्यायला आल्या. आयेशानं अडवलं नाही.

“न्या की मावशी. पन एकदा तुमच्या हातानं उखळ पुसा. तुमच्या डोळ्यांदेखत कांडते, मग ठरवा.”

बनाबाईंनी फडकं घेऊन मला आतून-बाहेरून पुसलं. मुसळं पडू लागली. त्या शिंकत होत्या, डोळे पुसत होत्या, पण जागच्या हलल्या नाहीत. शेवटी त्यांनी चिमूट जिभेवर ठेवली.

“आमचं काय चुकलं म्हाईत हाय का?” त्या हळूच म्हणाल्या. “वाचलं आनि इचारलं न्हाई.”

अर्धी पोती त्यांनी ठेवली. बाकीची गटातल्या बायकांना विचारून आणते म्हणाल्या, आणि त्यातली थोडी खरोखरच परत आली. सगळी नाही.

त्याच आठवड्यात आयेशानं माझ्यापुढचा पत्र्याचा आडोसा काढून टाकला. आता मी रस्त्यावरूनही दिसते. ज्याला पाहायचं त्यानं खुशाल पाहावं. पृथ्वीराजचं खोटं अजून फोनवर आहे, त्याच्याखाली आयेशाचं उत्तरही आहे. गर्दी पूर्वीइतकी नाही, पण वाढतेय. लालबी कुणापुढं वाकलेली नाही.

वाचकहो, माझी एवढीच विनवणी. आमच्याबद्दल जरूर लिहा. चुकलो तर मिरचीसारखं तिखट लिहा, आम्ही ते पचवू आणि सुधारू. पण जे चाखलंच नाही, त्याची चव जगाला सांगू नका.