टेबलाशी गेलेली खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी, वेताने विणलेली खुर्ची आहे. नाक मुरडू नका! दोन देशांची भांडणं मी स्वतःच्या कानांनी ऐकली आहेत.

सुताराने मला घडवलं, त्याच्या बायकोने माझी बैठक विणली आणि मी नदीकाठच्या हॉलमध्ये आले. अलीकडे एक देश, पलीकडे दुसरा, मध्ये पूल. दोघांची बोलणी या हॉलमध्ये होत. रीत अशी, की ज्याच्यापुढे छोटा झेंडा, तोच टेबलाशी बसणार आणि बोलणार. बिनझेंड्याच्या माणसांनी भिंतीकडे बसायचं, तोंडाला कुलूप लावून. मी भिंतीकडची.

माझ्यावर एक परिचारिका बसत. सगळे त्यांना ताई म्हणत. त्यांची संस्था दोन्ही काठांवरच्या पोरांना लस टोचायची. एकदा पलीकडे तापाची साथ आली आणि नेमका पूल बंद! लसीची पेटी ताईंच्या मांडीवर, आणि टेबलाशी बसलेल्या साहेबांचं मात्र पुलावर पहारा कुणाचा यावरून चऱ्हाट चाललेलं. पेटीतल्या बर्फाचं पाणी माझ्या वेतातून ठिबकू लागलं. ताई ताडकन उठल्या, मला फरफटत टेबलाशी नेलं आणि झेंड्याच्या जागी पेटी ठेवली.

"अहो ताई, इथे झेंडा लागतो," अध्यक्ष गडबडले.

"झेंडा कुठून आणू, साहेब? बर्फ आहे, तोही वितळतोय. आधी पोरांचं बघा, मग भांडा हवं तेवढं!"

पाणी पसरलं, तशी दोन्हीकडच्या साहेबांनी आपापली कागदपत्रं उचलली. त्याच दुपारी लसीसाठी पूल उघडला. काय आनंद झाला म्हणून सांगू!

मग आमचे दिवस फिरले. भिंतीकडचे डॉक्टर, कोळी, नदीची काळजी वाहणारे, सगळे हळूहळू टेबलाशी आले. साहेब आवर्जून विचारत, "तुमचं काय म्हणणं?" शिपाई मला रोज पुसायचा. त्या दिवसांची आठवण आली की अजून गलबलून येतं.

पुढे एका बड्या कंपनीने पूल चालवायला घेतला. तिच्या मालकाकडेही झेंडा नव्हता, पण तो आला की दोन्हीकडचे मंत्री उठून उभे राहत. गादीच्या फिरत्या खुर्च्या आल्या आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. नंतर तर बोलणीसुद्धा त्याच्याच कचेरीत होऊ लागली.

आज सकाळी ताई आल्या. केस पिकलेले, हातात तीच पेटी. पलीकडे पुन्हा साथ आहे, पूल पुन्हा बंद आहे.

शिपाई ओशाळला. "ताई, इथे आता कुणी बसत नाही. सगळे कंपनीत जातात."

"मग मीही तिकडेच जाते. बसायला आहे का काही?" त्या जिन्याखाली वाकल्या. "अगंबाई! ही अजून आहे?"

रुमालाने त्यांनी मला पुसलं आणि काखेत मारून निघाल्या.

आता आम्ही कंपनीच्या बंद दारासमोर बसलो आहोत. माझा एक पाय डुगडुगतोय, वेत उसवलाय. मित्रांनो, जमलं तर माझ्या पायाला एक खिळा ठोका. नाही जमलं, तर निदान ते दार जोरात वाजवा. बर्फाचं पाणी पुन्हा माझ्या वेतातून ठिबकू लागलं आहे.